कागद आधी पोचतो : अमेरिकेतल्या फेडरल शिक्षेची तयारी

२४ ऑक्टोबर २०१२ रोजी मॅनहॅटनच्या फेडरल न्यायालयात रजत गुप्ता आपली शिक्षा ऐकायला उभे होते. मॅकिन्झीचे माजी प्रमुख, गोल्डमन सॅक्सचे माजी संचालक. संचालक मंडळातली गोपनीय माहिती हेज फंडवाल्या राज राजरत्नमला पुरवल्याबद्दल ज्यूरीने त्यांना जूनमध्ये दोषी ठरवलं होतं. न्यायाधीश जेड रेकॉफ यांच्यापुढे चारशेहून अधिक पत्रांचा गठ्ठा होता. त्यात बिल गेट्स आणि कोफी अन्नान यांचीही पत्रं होती. तुरुंगाऐवजी गुप्तांना रवांडात समाजसेवेला पाठवावं, असंही बचाव पक्षाने सुचवलं होतं. शिक्षेच्या तक्त्यानुसार हिशेब येत होता ७८ ते ९७ महिने. न्यायाधीशांनी दिले २४ महिने आणि ५० लाख डॉलर दंड.

ही ‘बड्या माणसाला सूट’ म्हणायची, की ‘एवढ्या ओळखी असूनही तुरुंग चुकला नाही’ असं म्हणायचं? दोन्ही म्हणता येतं. पण ७८ आणि २४ या दोन आकड्यांच्या मधे जे काही घडतं, त्यालाच अमेरिकेत शिक्षेची तयारी म्हणतात. ती कोण करतं, कशी करतं, कधी सुरू करतं आणि तुरुंगाचं दार लागल्यावर तिचा काय उपयोग होतो, याचा हा आढावा.

पॅरोल नसलेला तुरुंग

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेतले बहुसंख्य कैदी त्या त्या राज्याच्या तुरुंगांत असतात. फेडरल, म्हणजे केंद्राची व्यवस्था वेगळी: तिची न्यायालयं वेगळी, तुरुंग वेगळे आणि हिशेबही वेगळा. फोन, ईमेल किंवा टपालाच्या आधारे केलेली फसवणूक, अमली पदार्थांचा व्यापार, बेकायदा बंदुका, केंद्रीय करांची चुकवेगिरी, इमिग्रेशनचे गुन्हे ही तिथली नेहमीची प्रकरणं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला तुरुंग म्हटलं की माफीचे दिवस, संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, हे शब्द आठवतात. फेडरल तुरुंगात मुदतीआधी घरी सोडणारा पॅरोल आता जवळजवळ उरलेलाच नाही. १९८४च्या शिक्षा सुधारणा कायद्याने १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांसाठी पॅरोल रद्द झाला. त्यामुळे फेडरल जन्मठेप म्हणजे खरोखरच मरेपर्यंत तुरुंग.

या कायद्याच्या मागे उदारमतवादी एडवर्ड केनेडी आणि कट्टर परंपरावादी स्ट्रॉम थर्मंड हे दोघेही सिनेटर होते. एकाच गुन्ह्याला एका न्यायाधीशाकडे दोन वर्षं आणि शेजारच्या दालनात दहा वर्षं, हा प्रकार दोघांनाही खटकत होता. उपाय म्हणून शिक्षा आयोग नेमला गेला आणि आयोगाने तक्ता बनवला. उभ्या बाजूला गुन्ह्याच्या गांभीर्याच्या ४३ पायऱ्या, आडव्या बाजूला पूर्वीच्या गुन्ह्यांचे ६ वर्ग. एकूण २५८ चौकटी आणि प्रत्येकीत महिन्यांचा पल्ला.

उदाहरणाने हिशेब सोपा होतो. समजा, एखाद्याने ईमेलवरून तीन लाख डॉलरची फसवणूक केली. मूळ पायरी ७. नुकसान अडीच लाखांच्या वर आणि साडेपाच लाखांच्या आत, म्हणून गेल्या काही वर्षांच्या तक्त्यानुसार आणखी १२. झाल्या १९ पायऱ्या, म्हणजे पहिलाच गुन्हा असला तरी ३० ते ३७ महिने. वेळेवर गुन्हा कबूल करून जबाबदारी स्वीकारली तर ३ पायऱ्या कमी: २१ ते २७ महिने. पूर्वीचा एकही गुन्हा नसेल आणि इतर अटी बसत असतील, तर २०२३च्या दुरुस्तीनुसार आणखी २ कमी: १५ ते २१ महिने. माणूस तोच आणि गुन्हाही तोच, पण हिशेब निम्म्यावर आला.

जानेवारी २००५ मध्ये बुकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा तक्ता बंधनकारक नसून सल्लावजा आहे असं ठरवलं. तेव्हापासून न्यायाधीशाने आधी तक्त्याचा आकडा काढायचा आणि मग गुन्हा, माणूस, समाजाची सुरक्षितता असं सगळं तोलून पुरेशी, पण गरजेपेक्षा जास्त नसलेली शिक्षा द्यायची, अशी पद्धत रूढ झाली. तयारीला जागा मिळाली ती इथे.

मात्र एका ठिकाणी न्यायाधीशाचेही हात बांधलेले असतात: कायद्यानेच ठरवलेली किमान शिक्षा. १९८६च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक (खड्यांच्या रूपातलं कोकेन) बाळगून विकणाऱ्याला ५०० ग्रॅम पूड कोकेनवाल्याइतकीच, म्हणजे किमान पाच वर्षं शिक्षा ठेवली होती. क्रॅकच्या खटल्यांत बहुतांश आरोपी कृष्णवर्णीय असल्यामुळे या १०० : १ प्रमाणावर वर्षानुवर्षं टीका झाली. २०१० मध्ये ते १८ : १ वर आलं, १ : १ वर मात्र आलं नाही. किमान शिक्षेच्या खाली जायला मुख्यतः दोन वाटा आहेत: किरकोळ भूमिका असलेल्यांसाठी कायद्यात ठेवलेली सूट, किंवा सरकारी पक्षाला भरीव मदत, म्हणजे साथीदारांविरुद्ध माहिती देणं. दुसऱ्या वाटेची किंमत पुढे तुरुंगाच्या आवारात मोजावी लागू शकते, हे वाट धरणाऱ्याला ठाऊक असतं.

खटला म्हणजे शिक्षेची सुनावणी

हॉलिवूडने दाखवलेली ज्यूरी, उलटतपासणी, ‘ऑब्जेक्शन’ हे सगळं फेडरल न्यायालयात विरळा. २०१२च्या फ्राय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं की फेडरल दोषसिद्धींपैकी ९७ टक्के गुन्ह्याच्या कबुलीतून येतात. मग बहुतेकांच्या बाबतीत ‘केलं का’ हा प्रश्न मिटलेलाच असतो आणि ‘किती’ एवढाच उरतो. म्हणूनच सरकारी वकिलाशी होणाऱ्या कबुली-कराराचा मसुदा हा तयारीचा पहिला टप्पा. त्यात मान्य केलेला नुकसानीचा आकडा पुढे प्रत्येक टेबलावर हजर होतो.

दुसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, पण बातम्यांत कधीच न येणारा: शिक्षापूर्व अहवाल. दोषी ठरल्यावर न्यायालयाचा प्रोबेशन अधिकारी आरोपीला भेटतो. बालपण, आईवडील, शिक्षण, नोकऱ्या, लग्न, मुलं, आजार, औषधं, दारू, कर्ज, बँकेतली शिल्लक असं सगळं विचारतो. घरच्यांना फोन करतो, कागद मागवतो. नियमानुसार अहवालाचा मसुदा सुनावणीच्या किमान ३५ दिवस आधी बचाव पक्षाच्या हाती यावा लागतो. हरकतींना १४ दिवस मिळतात आणि अंतिम अहवाल किमान ७ दिवस आधी न्यायाधीशाकडे जातो. न्यायाधीशाने आरोपीला न्यायालयाबाहेर कधी पाहिलेलं नसतं. तो त्याला भेटतो तो या पानांतून.

आणि अहवालाचं काम तिथे संपत नाही. तोच कागद तुरुंग खात्याकडे जातो. कुठल्या दर्जाच्या तुरुंगात पाठवायचं, औषधं कोणती, व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला पात्र आहे का, हे ठरवताना अधिकारी त्याच पानांकडे बघतात. जुना, बंद झालेला खटला चुकून चालू म्हणून छापला गेला आणि कुणी हरकत घेतली नाही, तर ती चूक माणसाबरोबर शिक्षाभर राहते. तुरुंगातल्या समुपदेशकाला ती खोडण्याचा अधिकार नसतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण दारूचं. फेडरल तुरुंगात ५०० तासांचा निवासी व्यसनमुक्ती कार्यक्रम आहे. १९९४च्या कायद्यानुसार तो पूर्ण करणाऱ्या, हिंसक गुन्हा नसलेल्या पात्र कैद्याची शिक्षा वर्षभरापर्यंत कमी होऊ शकते. पण अटकेच्या आधीच्या वर्षात व्यसन होतं याची नोंद लागते. मुलाखतीत लाजेने ‘कधीमधी, पार्टीत’ असं म्हणणारा सुशिक्षित माणूस हे दार स्वतःच्या हाताने लावून घेतो. आपल्या घरांत रोजची दारूही कपाटाच्या मागे ठेवायची रीत. ती इथे महागात पडते. उलट, नसलेलं व्यसन रंगवून सांगणं हा नवा गुन्हा. तसं शिकवणाऱ्या सल्लागारांवर खटलेही झाले आहेत. अहवालाच्या मुलाखतीत खरं आणि पूर्ण सांगावं, आणि जे सांगायचं नाही त्याबद्दल वकिलाच्या सल्ल्याने गप्प राहावं, एवढंच शहाणपणाचं.

पत्रं, पश्चात्ताप आणि मधला काळ

सुनावणीसाठी नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, सहकाऱ्यांची पत्रं गोळा करणं ही रूढ तयारी. ‘अत्यंत प्रामाणिक व सुस्वभावी गृहस्थ’ या साच्यातल्या पन्नास पत्रांना न्यायाधीश सरावलेले असतात. ‘माझ्या मुलाच्या ऑपरेशनच्या रात्री हा माणूस दवाखान्यात बसून होता’ अशा एका वाक्याला वजन असतं. पत्र लिहिणाऱ्याला गुन्हा ठाऊक आहे हे पत्रातून दिसावं लागतं, आणि ज्यूरी चुकली असं त्यात चुकूनही लिहायचं नसतं. पत्रं हा काही रामबाण उपाय नाही. फसवणुकीबद्दल दोषी ठरलेल्या, थेरानोस कंपनीच्या एलिझाबेथ होम्सच्या बाजूने सिनेटर कोरी बुकर यांच्यासह १३० हून अधिक लोकांनी लिहिलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिला सव्वाअकरा वर्षं झालीच.

शिक्षा ठरण्याआधी आरोपीला स्वतः बोलण्याचा हक्क आहे. फसवणुकीचे बळी ठरलेल्यांनाही २००४च्या कायद्याने तो मिळाला आहे. निवृत्तीची पुंजी गमावलेली म्हातारी बाई आधी बोलते आणि तिच्यानंतर आरोपी उभा राहतो, तेव्हा ‘माझ्या कुटुंबाला फार त्रास झाला’ ही सुरुवात घातक ठरते. ज्यांचं नुकसान झालं त्यांचा उल्लेख पहिल्या वाक्यात हवा.

पण सर्वांत मोलाची तयारी बोलण्याची नसतेच. आयोवा विद्यापीठात शिकताना ब्रायन गॉल हा तरुण एक्स्टसी हा अमली पदार्थ विकणाऱ्या टोळीत काही महिने होता. मग तो स्वतःहून बाहेर पडला, व्यसन सोडलं, पदवी घेतली, बांधकामाचा व्यवसाय उभा केला. काही वर्षांनी खटला आला तेव्हा तक्ता ३० ते ३७ महिने तुरुंग सांगत होता. न्यायाधीशाने ३६ महिने प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेरच देखरेख, दिलं आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. गॉलने तयारी केली तेव्हा ती तयारी आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. अटक ते शिक्षा या मधल्या महिन्यांत भरपाईचे पैसे जमवू लागणं, नोकरी टिकवणं, उपचार घेणं याला वजन येतं ते यामुळेच: ती कृती असते आणि तिच्यावर तारीख असते.

हजर होण्याआधी

न्यायाधीश किती महिने ते ठरवतो. कुठे, ते ठरवतं तुरुंग खातं. टेक्सासमधल्या ग्रँड प्रेअरी इथल्या केंद्रात देशभरच्या फायली जातात आणि गुण मोजून जागा दिली जाते. न्यायाधीश फक्त शिफारस करू शकतो. किमान सुरक्षेच्या छावण्या, मग निम्न, मध्यम, उच्च आणि शेवटी विशेष कामांचे तुरुंग अशी उतरंड आहे. २०१८च्या ‘फर्स्ट स्टेप’ कायद्याने घरापासून ५०० मैलांच्या आत जागा द्यावी असं सांगितलं आहे, पण जमेल तिथेच. पाचशे मैल म्हणजे मुंबईहून नागपूर! भेटीला येणाऱ्या बायकोमुलांसाठी ‘जवळ’ याचा अर्थ एवढाच.

अनेक बिगरहिंसक आरोपींना ठरल्या दिवशी स्वतःहून हजर होण्याची मुभा मिळते. ते केल्याने सुरक्षेचे गुणही कमी होतात आणि बेड्या घालून बस-विमानांतून महिनाभर फिरणंही वाचतं. त्याआधीच्या आठवड्यांची कामं अगदी प्रापंचिक असतात. दातांची कामं उरकून घ्यायची, कारण आत दंतवैद्याची वाट फार लांब. चष्म्याचा नंबर तपासायचा, औषधांचे कागद आधी पाठवायचे, मुखत्यारपत्र करायचं, बँक आणि कराचे व्यवहार घरच्यांना समजावून द्यायचे. अंगावर साधी, खडा नसलेली लग्नाची अंगठी चालते, बाकी जवळजवळ काही नाही. खर्चाचे पैसे आयोवातल्या डे मॉइनच्या एका टपालपेटीवर किंवा ऑनलाइन पाठवायचे. ते कैद्याच्या खात्यात जमा होतात.

मुलांना काय सांगायचं, हा सर्वांत अवघड प्रश्न. ‘बाबा कामासाठी दूर गेलेत’ ही थाप इंटरनेटच्या काळात आठवडाभरही टिकत नाही. सरकारी वकिलांची प्रसिद्धिपत्रकं एका शोधात सापडतात. मुलाला ते शाळेतल्या मित्राकडून कळणं त्याहून वाईट.

आतले दिवस

आत गेल्यावर कपडे उतरवून झडती, आठ आकडी नंबर, खाकी किंवा हिरवा गणवेश, अंथरूण. दिवस गिनतीभोवती फिरतो. दुपारी चारची गिनती देशभर उभ्याने, खाटेशेजारी. त्या वेळी बोलणंसुद्धा महागात पडतं. प्रत्येकाला काम असतं: स्वयंपाकघर, झाडलोट, नळकाम. त्याचा मोबदला बहुधा तासाला १२ ते ४० सेंट. दंड आणि भरपाईचे हप्ते त्यातूनच, किंवा घरून आलेल्या पैशांतून. फोन महिन्याला मोजक्या मिनिटांचे, एका वेळी पंधरा मिनिटं, आणि ते ध्वनिमुद्रित होतात. मोबाइल सापडला तर तो वेगळा गुन्हा.

जेवणात मांस नसलेला पर्याय असतो. चव हा वेगळा विषय. उरलेलं कँटीनमधून: आठवड्याचा ठरलेला दिवस, नूडल्स, तांदूळ, बांगड्याची पाकिटं. सिगारेट बंद झाल्यावर याच बांगड्याने अनेक तुरुंगांत नाण्याची जागा घेतली. केस कापले, कपडे इस्त्री करून घेतले की दोन-चार पाकिटं मोजायची. कोकणी माणसाला बांगड्याचं हे रूप ओळखीचं वाटायचं नाही.

लिखित नियमांची पुस्तिका पहिल्या दिवशी मिळते, अलिखित नियम शिकावे लागतात. कुणाला गुन्हा विचारू नये. दुसऱ्याच्या खाटेवर बसू नये. जेवणाच्या टेबलावर कुणाच्या ताटावरून हात नेऊ नये. टीव्हीचा चॅनल बदलू नये. जुगार खेळू नये आणि उसने घेऊ नये, कारण आतली बहुतेक भांडणं उधारीतून पेटतात. सुरक्षा जितकी कडक, तितकी वंशानुसार बसण्याउठण्याची विभागणी ठळक.

‘क्लब फेड’ म्हणून फेडरल तुरुंगांची थट्टा होते. ती फसवी आहे. कॅलिफोर्नियातल्या डब्लिनच्या महिला तुरुंगात कर्मचाऱ्यांनी कैद्यांचं लैंगिक शोषण केलं. खुद्द वॉर्डन डिसेंबर २०२२ मध्ये दोषी ठरला आणि २०२४ मध्ये तो तुरुंग बंद करावा लागला. अपुरे कर्मचारी आणि रखडलेले वैद्यकीय उपचार या तर जुन्याच तक्रारी.

सुटकेच्या तारखेचा हिशेब प्रत्येक कैद्याला पाठ असतो. चांगल्या वर्तणुकीचे वर्षाला ५४ दिवसांपर्यंत, म्हणजे पाच वर्षांवर सुमारे नऊ महिने. २०१८च्या कायद्यानुसार पात्र कैद्याला ३० दिवसांच्या अभ्यासक्रम-कामामागे १० किंवा १५ दिवस; त्यातून सुटका वर्षभरापर्यंत अलीकडे येते, उरलेले दिवस निमतुरुंगात (हाफवे हाऊसमध्ये) किंवा घरातल्या स्थानबद्धतेत घालवता येतात. आणि सुटल्यावरही बहुतेकांवर काही वर्षं प्रोबेशन अधिकाऱ्याची देखरेख असते.

नागरिक नसलेल्याची दुहेरी शिक्षा

न्यू जर्सी, टेक्सास किंवा बे एरियातल्या मराठी घरांना हे सगळं परकं वाटेल, पण एक भाग थेट त्यांचा आहे. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाला शिक्षेइतकीच मोठी टांगती तलवार असते हद्दपारीची. दहा हजार डॉलरहून अधिक नुकसानीची फसवणूक इमिग्रेशन कायद्यात ‘गंभीर गुन्हा’ ठरते. भारतातून आलेल्या एका माणसाच्या निझावन खटल्यात ज्यूरीने नुकसानीचा आकडा ठरवलाच नव्हता. पण शिक्षेच्या वेळी त्याने स्वतः मान्य केलेला आकडा दहा कोटी डॉलरच्या वर होता, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच हद्दपारीसाठी ग्राह्य धरला. पुढल्याच वर्षी पाडिया खटल्यात न्यायालयाने सांगितलं की कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकते हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. शिवाय हद्दपारीयोग्य कैद्याला सहसा किमान सुरक्षेच्या छावणीत जागा मिळत नाही, आणि हद्दपारीचा अंतिम आदेश निघाला की अभ्यासक्रमांतून मिळवलेले दिवसही वापरता येत नाहीत. म्हणून अशा माणसाने कबुलीवर सही करण्याआधी दोन वकील गाठावेत: एक फौजदारी, दुसरा इमिग्रेशनचा.

हिशेब एक, तयारी वेगवेगळी

१९८४चा कायदा आला तो विषमता मिटवायला. गुन्ह्यांचा हिशेब त्याने बराचसा सारखा केला. तयारी मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीवर राहिली. आता त्यावर एक व्यवसायच उभा आहे. ‘तुरुंग सल्लागार’ म्हणवणाऱ्यांत स्वतः वर्षानुवर्षं आत राहून आलेले अनुभवी लोकही आहेत आणि भीतीचा बाजार मांडणारेही. या धंद्याला परवाना लागत नाही. नेमून दिलेले फेडरल सरकारी बचाव वकील मात्र याच कामात मुरलेले असतात. ते फुकट मिळतात म्हणून कमी प्रतीचे, हा समज चुकीचा आहे. कमी पडतो तो त्यांचा वेळ.

आपल्याकडे दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर वेगळं म्हणणं ऐकण्याची तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि नव्या संहितेतही ती आहे. पण ती सुनावणी अनेकदा त्याच दिवशी, चार वाक्यांत उरकते: वय, म्हातारी आई, लहान मुलं. शिक्षेसाठी मार्गदर्शक सूत्रं आखावीत असं मलिमठ समितीने २००३ मध्ये सुचवलं होतं. अमेरिकेचा २५८ चौकटींचा तक्ता उचलून आणावा असं कुणी म्हणणार नाही. पण शिक्षा देण्याआधी माणसाचं आयुष्य कागदावर नीट मांडावं, त्याला ते वाचू द्यावं, हरकतीला चौदा दिवस द्यावेत, एवढं घेण्यासारखं नक्की आहे.

रजत गुप्ता जून २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हन्सच्या छावणीत हजर झाले. चारशे पत्रांचं काम तोवर संपलं होतं. फेडरल न्यायालयात उभ्या राहणाऱ्या कुणालाही माझं सांगणं एवढंच: पत्रं नंतर जमवा, सल्लागार नंतर शोधा. आधी शिक्षापूर्व अहवाल हाती घेऊन, पेन्सिल लावून, ओळ न् ओळ वाचा. आतला प्रत्येक अधिकारी तुम्हाला भेटण्याआधी तो वाचणार आहे.